नाथ पै यांचे १९६७ चे घटनादुरुस्ती विधेयक : विरोधी बाकावरून विचारलेला एक मूलभूत प्रश्न

गोदाकाठचा वाचक

नमस्कार मंडळी. गेल्या काही महिन्यांपासून मी जुन्या लोकसभांच्या कामकाजाचे खंड वाचतो आहे. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात ते जसेच्या तसे पाहायला मिळतात. सुरुवात केली होती ती नाशिकपुरती. १९५७ साली आपल्या मतदारसंघातून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले आणि १९६३ साली यशवंतराव चव्हाण इथून बिनविरोध निवडून आले, तेव्हा त्या काळात सभागृहात नेमके काय घडत होते ते पाहावे एवढाच हेतू होता. पण वाचता वाचता मी राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांच्या एका विधेयकापाशी थांबलो आणि अजून तिथेच आहे. त्याविषयी इथे सविस्तर लिहावे, आणि ज्यांना कायद्यातले अधिक कळते त्यांनी माझ्या समजुतीतल्या चुका दाखवाव्यात, यासाठी हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाची सुमारे ५०० एकर जमीन पंजाबच्या १९५३ च्या जमीन कायद्याखाली अतिरिक्त ठरत होती आणि त्या कायद्याला संरक्षण देणाऱ्या सतराव्या घटनादुरुस्तीलाच त्यांनी आव्हान दिले होते. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्यासह सहा न्यायमूर्तींनी ठरवले की घटनादुरुस्ती हासुद्धा कलम १३ च्या (मूलभूत हक्कांविरुद्ध जाणारे कायदे रद्द ठरवणाऱ्या कलमाच्या) अर्थाने एक ‘कायदा’च आहे आणि म्हणून मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. उरलेल्या पाच न्यायमूर्तींचे मत उलट होते. सहा विरुद्ध पाच, म्हणजे एका मताच्या फरकाने, देशाची घटना कोणी आणि किती बदलावी याचे उत्तर बदलले. त्याआधी शंकरीप्रसाद खटल्यात १९५१ साली आणि नंतर सज्जनसिंग खटल्यात हेच न्यायालय संसदेच्या बाजूने बोलले होते.

निकालाला सहा आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ७ एप्रिल १९६७ रोजी नाथ पै यांनी लोकसभेत अशासकीय विधेयक मांडले. त्या दिवशी शुक्रवार होता. अशासकीय कामकाजासाठी लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात, आणि त्या वेळेला बरेच सदस्य आपापल्या गावाकडे निघालेले असतात, हे संसदेचे कामकाज पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. विधेयकाचा आशय एका वाक्यात मावणारा होता : कलम ३६८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने संसदेला घटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता येते, हे घटनेतच निःसंदिग्धपणे लिहावे.

मला यात विशेष वाटते ते असे. नाथ पै प्रजा समाजवादी पक्षाचे, म्हणजे विरोधी बाकावरचे. त्यांच्या विधेयकाने अधिकार मिळणार होता तो संसदेतल्या बहुमताला, आणि बहुमत होते काँग्रेसकडे. शिवाय १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला अवघ्या २८३ जागा मिळाल्या होत्या, त्यामुळे दोन तृतीयांश मते गोळा करणे सरकारलाही एकट्याने शक्य नव्हते. अशा वेळी विरोधी पक्षातल्या माणसाने गप्प बसून सरकारची अडचण पाहत राहणे राजकीयदृष्ट्या अधिक सोपे होते. त्यांनी ते केले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने प्रश्न सरकारचा नव्हता. जमिनीचे फेरवाटप आणि संपत्तीचे केंद्रीकरण रोखणे हा समाजवादी चळवळीचा गाभा होता आणि त्या वाटेवर मालमत्तेचा मूलभूत हक्क कायमचा अडसर म्हणून उभा राहणार, अशी गोलकनाथ निकालाने व्यवस्था केली होती.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, अनेक बैठकांमध्ये त्यावर चर्चा झाली, पण ते संमत झाले नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पै गेले. वय अवघे ४८. त्याच वर्षी नव्या लोकसभेने चोविसावी घटनादुरुस्ती ऑगस्टमध्ये मंजूर केली, ५ नोव्हेंबरला तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि नाथ पै यांनी जे मागितले होते ते जवळजवळ तसेच घटनेत आले.

या विषयाशी माझा घरगुती संबंधही आहे. माझ्या आजोबांना निफाड तालुक्यात कूळ म्हणून चार एकर जमीन मिळाली होती. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाची, म्हणजे कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याच्या दिवसाची, आठवण ते अखेरपर्यंत सांगत. १९६७ साली गोलकनाथचा निकाल आला तेव्हा गावात अशी बातमी पसरली की कोर्टाने आता कूळ कायदा रद्द केला आहे आणि जमिनी मूळ मालकांना परत जाणार आहेत. आजोबांनी म्हणे ते वर्ष झोपेविना काढले. नाथ पै यांचे विधेयक आमच्यासारख्या कुळांच्या जमिनी वाचवण्यासाठीच होते, असे मला वाटते.

प्रश्न असा विचारायचा आहे : नाथ पै यांची भूमिका बरोबर होती का? पुढे आणीबाणीत जे झाले ते पाहता, संसदेला असा अमर्याद अधिकार मागणे ही चूक होती का?

गंगापूररोड

दादा, लेख मनापासून आवडला. मी दिवाणी न्यायालयात वकिली करते, म्हणून आधी एक दुरुस्ती सुचवते, कारण ती महत्त्वाची आहे.

गोलकनाथ निकालाने तुमच्या आजोबांच्या जमिनीला कायद्याच्या दृष्टीने कोणताही धोका निर्माण झाला नव्हता. सुब्बा राव यांनी निकाल केवळ भविष्यापुरता लागू केला होता. पहिली, चौथी आणि सतरावी या तिन्ही घटनादुरुस्त्या आपल्या नव्या तत्त्वानुसार गैर असल्या, तरी त्यांच्या आधारावर देशभर जमिनींचे व्यवहार होऊन गेले आहेत आणि ते उलटवले तर अनर्थ होईल, असे म्हणून त्यांनी त्या तशाच ठेवल्या. गोलकनाथ कुटुंबाची जमीनही त्यांना परत मिळाली नाही. तत्त्व त्यांच्या बाजूने लागले, खटला मात्र ते हरले.

दुसरी गोष्ट जरा बारकाईची आहे. मुंबईचा १९४८ चा कूळ कायदा पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या अनुसूचीत (मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येऊ नये अशा कायद्यांच्या घटनेतल्या यादीत) दुसऱ्या क्रमांकावर घातला गेला हे खरे, पण कृषकदिन आला तो त्या कायद्यात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने, आणि त्या दुरुस्तीला १९५१ च्या अनुसूचीतील नोंदीचे कवच आपोआप मिळत नाही. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले तेव्हा मेढी खटल्यात ती टिकली ती जमीनसुधारणेच्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून वाचवणाऱ्या कलम ३१अ मुळे. म्हणजे आजोबांच्या चार एकरांचा खरा आधार ३१अ होता. ते कलमही घटनादुरुस्तीनेच आलेले आहे, हे खरे. त्यामुळे तुमचा मूळ मुद्दा पूर्ण कोसळत नाही, पण ‘नाथ पै यांचे विधेयक कुळांच्या जमिनी वाचवण्यासाठी होते’ हे वाक्य तसेच राहू नये. त्यांचे विधेयक पुढच्या सुधारणांसाठी होते. झालेल्या सुधारणा न्यायालयानेच सुरक्षित ठेवल्या होत्या.

जुना फेरफार

मी महसूल खात्यात तेहतीस वर्षे काढली, त्यांतली बरीचशी याच जिल्ह्यात. ताईंनी कायदा अचूक सांगितला आहे, परंतु गावात काय होत होते तेही नोंदवले पाहिजे.

कुळाच्या हातात जमीन एका दिवसात येत नसे. कूळ कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरायची, हप्ते भरायचे, ते फिटले की ३२म चे प्रमाणपत्र मिळायचे आणि मग सातबाऱ्यावर नाव मालक म्हणून लागायचे. १९५७ चा कृषकदिन झाला तरी १९६७ साली अनेक कुळांची किंमतच ठरलेली नव्हती, काहींचे हप्ते चालू होते, काहींची अपिले प्रांताकडे पडून होती. अशा माणसाला दिल्लीचा निकाल ‘भविष्यापुरता’ आहे हे कोण समजावणार? त्याच्या दृष्टीने त्याची जमीन अजून भविष्यातच होती. जमीनमालकांपैकी काहींनी निकालाचा हवाला देऊन कुळांना राजीनामे लिहून द्यायला सांगितल्याचे मी माझ्या वरिष्ठांकडून ऐकलेले आहे. म्हणून धागाकर्त्यांच्या आजोबांची झोप उडाली असेल तर ती अज्ञानामुळे, असे म्हणून मी बाजूला सारणार नाही. प्रमाणपत्र हातात नसलेल्या कुळाला तशी भीती वाटणे रास्त होते.

विधिमंडळात आणि संसदेत बोलणाऱ्या माणसाला ही दरी दिसते की नाही, यावर त्याच्या भाषणाची किंमत ठरते असे मला वाटते.

दिंडोरीकर

धागाकर्त्यांनी दादासाहेबांचे नाव घेतले आणि लगेच कोकणाकडे वळले, म्हणून हा प्रतिसाद. माझे गाव आंबे गावाच्या शेजारी आहे, जिथे १९०२ साली भाऊराव कृष्णराव गायकवाड जन्मले. नाशिकमधल्या लोकांना ते काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे माहीत असतात. २ मार्च १९३० पासूनचा तो लढा मोठा आहेच. पण विरोधी पक्षाचा लोकप्रतिनिधी म्हणून त्यांची कारकीर्द १९३७ पासून सुरू होते, हे फारसे बोलले जात नाही. त्या वर्षी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे जे सदस्य निवडून आले त्यांत ते होते. त्या पक्षाचे नेते डॉ. आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती पद्धत (खोत या मध्यस्थाने कुळांकडून वसुली करण्याची कोकणातली पद्धत) रद्द करण्याचे विधेयक मांडले. सत्ताधारी काँग्रेसने ते पुढे जाऊ दिले नाही. तेही अशासकीय विधेयकच होते आणि तेही नाथ पै यांच्याच कोकणातल्या जमिनीविषयी होते. दोन्ही विधेयकांमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न एकच : जो जमीन कसतो त्याच्या बाजूने कायदा कधी उभा राहणार?

दादासाहेब १९५७ ते १९६२ लोकसभेत आणि नंतर १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. म्हणजे सतरावी घटनादुरुस्ती १९६४ साली संसदेत आली तेव्हा ते वरिष्ठ सभागृहात होते आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांच्या रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. पडीक आणि सरकारी जमिनी भूमिहीनांना द्या, ही त्यातली मुख्य मागणी होती. कूळ कायद्याने ज्याच्या नावावर कूळ म्हणून नोंद होती त्याला जमीन मिळाली. ज्याची कुठेच नोंद नव्हती, जो केवळ मजूर होता, त्याला त्या कायद्याने काही दिले नाही. संसदेत घटनेच्या कलमांची चर्चा चालू असताना हा माणूस तुरुंग भरत होता, आणि स्वतः त्याच संसदेचा सदस्यही होता. सभागृहातले काम आणि रस्त्यावरचे काम यांना त्यांनी कधी एकमेकांपासून वेगळे मानले नाही, हे मला त्यांच्यात सर्वांत मोठे वाटते.

विधी तृतीय वर्ष

काका आणि ताई, मी विद्यार्थी आहे, त्यामुळे चूक झाल्यास सांगावी. मूळ प्रश्नाचे उत्तर मला असे द्यावेसे वाटते की नाथ पै चुकले होते.

त्यांच्या मागणीप्रमाणे चोविसावी दुरुस्ती झाली. चार वर्षांत, ऑगस्ट १९७५ मध्ये, एकोणचाळिसावी दुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेण्यात आली. नंतर १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ३६८ मध्येच लिहिले की घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला कोणतीही मर्यादा नसेल. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात असताना हे मंजूर झाले. नाथ पै यांच्या विधेयकातले तत्त्व त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेले तर ते इथेच पोहोचते. या दुरुस्त्यांतले सर्वांत घातक भाग रद्द झाले ते २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालातल्या मूलभूत चौकटीच्या (घटनेचा गाभा संसदेलाही मोडता येत नाही या) सिद्धांतामुळे, म्हणजे न्यायालयामुळे. तेरा न्यायमूर्तींपैकी सात जणांनी ती रेषा ओढली नसती तर आज आपण हा धागा लिहू शकलो असतो का, याविषयी मला खरोखर शंका आहे.

गंगापूररोड

विधी तृतीय वर्ष, तुमचा युक्तिवाद मजबूत आहे, पण त्यात एक उडी आहे, तिच्याकडे लक्ष वेधते.

१९६७ साली वादात दोनच पर्याय मांडले गेले होते. एक, संसद काहीही बदलू शकते. दोन, मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. मूलभूत चौकट हा तिसरा पर्याय तेव्हा बीजरूपातच होता. सज्जनसिंग खटल्यात न्यायमूर्ती मुधोळकरांनी विचारले होते की घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे याला दुरुस्ती म्हणायचे की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणे म्हणायचे. जर्मन प्राध्यापक डीट्रिश कॉनराड यांनी १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात दुरुस्तीच्या अधिकाराच्या गर्भित मर्यादांवर व्याख्यान दिले होते आणि त्यातले मुद्दे गोलकनाथ खटल्यात मांडलेही गेले. पण बहुमताने तो मार्ग घेतला नाही. त्यांनी घटनेचा सगळा भाग तीन, म्हणजे सगळे मूलभूत हक्क, मालमत्तेच्या हक्कासह, एकाच कुंपणात घातला.

नाथ पै यांचा आक्षेप या कुंपणाला होता. आणि केशवानंद निकालाने ते कुंपण काढूनच टाकले, हे विसरू नका. तेरा न्यायमूर्तींनी गोलकनाथ निकाल फिरवला आणि चोविसावी दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे मूलभूत हक्कांसह कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता येते, हे नाथ पै यांचे म्हणणे मान्य झाले, आणि त्याच वेळी चौकट मोडता येणार नाही ही मर्यादा आली. माझ्या मते १९७३ चा निकाल अर्धा नाथ पै यांच्या बाजूने आहे.

आणखी एक गोष्ट. केशवानंद खटल्यात जे सहा न्यायमूर्ती अल्पमतात होते, म्हणजे ज्यांना संसदेच्या अधिकारावर अशी मर्यादा मान्य नव्हती, त्यांत यशवंत विष्णु चंद्रचूड होते. हेच चंद्रचूड १९८० साली सरन्यायाधीश असताना मिनर्व्हा मिल्स खटल्यात बहुमताचा निकाल लिहितात आणि बेचाळिसाव्या दुरुस्तीने ३६८ मध्ये घातलेली ती दोन्ही उपकलमे रद्द करतात. केशवानंद खटल्यात केरळ सरकारची बाजू मांडणारे महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई यांनीही नंतर आपले मत बदलले. आणीबाणीने या माणसांना शिकवले. नाथ पै यांना ती शिकण्याची संधीच मिळाली नाही. जानेवारी १९७१ मध्ये गेलेल्या माणसाला १९७६ च्या कृत्यांचा हिशेब लावणे मला न्याय्य वाटत नाही.

वेंगुर्ल्याचा सातपूरकर

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, नाथ पै यांच्याच गावचा, नोकरीमुळे तीस वर्षे सातपूरला आहे. त्यांच्या वक्तृत्वाबद्दल वडिलांकडून इतके ऐकले आहे की त्यावर स्वतंत्र धागा होईल, म्हणून इथे आवरतो. विषयाला धरून एवढेच सांगतो की त्यांच्या सभा ऐकणाऱ्यांत बहुसंख्य माणसे अशी होती ज्यांना कलम ३६८ काय आहे ते ठाऊक नव्हते. तरीही ते त्यांच्यापुढे घटनेविषयी बोलत. वडील म्हणायचे, ‘नाथांनी आम्हाला कधी अडाणी समजून भाषण केले नाही.’

एक धागा जोडतो. त्यांच्यानंतर राजापूरमधून प्रा. मधु दंडवते निवडून आले आणि १९७१ पासून पुढची वीस वर्षे ते तिथले खासदार होते. १९७७ साली ते जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले. त्याच सरकारने चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती करून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमधून काढला आणि कलम ३००अ खाली साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. आणि त्याच दुरुस्तीने आणीबाणी लादणे कठीण केले, लोकसभेची मुदत सहा वर्षांवरून पुन्हा पाच वर्षांवर आणली. ज्या बदलासाठी नाथांनी विधेयक आणले होते तो बदल अखेर केला त्यांच्याच मतदारसंघाच्या, त्यांच्याच विचाराच्या माणसांच्या सरकारने, आणि नागरिकांची इतर स्वातंत्र्ये आधीपेक्षा बळकट करत. मला विधी तृतीय वर्ष यांना विचारायचे आहे की त्यांच्या तत्त्वाचे शेवटचे टोक बेचाळिसावी दुरुस्तीच का मानावे? चव्वेचाळिसावी का नाही?

विधी तृतीय वर्ष

काका, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य करतो की गोलकनाथ निकाल कायम राहिला असता तर मालमत्तेचा हक्क भाग तीनमधून वगळताच आला नसता. तरी माझी शंका पूर्ण गेलेली नाही. चांगले सरकार आले म्हणून चव्वेचाळिसावी झाली, वाईट हेतू होता म्हणून बेचाळिसावी झाली. अधिकाराची भाषा लिहिताना पुढे कोण बसणार आहे हे ठाऊक नसते, म्हणून लिहिणाऱ्याने वाईटात वाईट माणूस गृहीत धरावा असे आम्हाला शिकवतात. नाथ पै यांच्या विधेयकात अशी एखादी मर्यादा हवी होती, एवढे तरी म्हणता येईल ना?

जुना फेरफार

म्हणता येईल, आणि म्हणावेही. पण विरोधी सदस्याच्या हातात काय असते तेही पाहावे. आजवर संसदेने मंजूर केलेली अशासकीय विधेयके फक्त चौदा आहेत. शेवटचे १९७० सालचे, सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांच्या अधिकाराविषयीचे. त्या चौदांत घटनादुरुस्ती एकही नाही, कारण तिला उपस्थितांच्या दोन तृतीयांश मतांबरोबर एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते लागतात आणि शुक्रवारी संध्याकाळी तेवढी माणसे सभागृहात बसवून ठेवणे विरोधी सदस्याला जवळपास अशक्य असते. नाथ पै यांना हे माहीत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी तरीही विधेयक आणले, कारण विधेयक आणले की सरकारला भूमिका घ्यावी लागते, कायदामंत्र्याला उत्तर द्यावे लागते, समितीपुढे बाजू मांडाव्या लागतात. मर्यादा कोणती असावी हा प्रश्न अशा चर्चेतूनच पुढे आला असता.

चोविसावी दुरुस्ती आली तेव्हा सत्ताधारी पक्षाकडे ३५२ जागा होत्या. १९६७ ते १९७० या काळात जो विषय अनेक शुक्रवार चालूनही संपला नाही, तो १९७१ साली लोकसभेत मांडल्यापासून काही दिवसांत मंजूर झाला. मला वाईट वाटते ते याचे. घाई नसतानाची चर्चा एका विरोधी सदस्याने घडवून आणली होती आणि तिचे फळ घाईच्या काळात दुसऱ्यांनी काढून नेले.

गंगापूररोड

याच्याशी पूर्ण सहमत. आणि संसदेच्या अधिकाराचा आग्रह धरणे व संसदेचा मान राखणे या गोष्टींचा संबंध पाहायचा असेल तर मधु लिमये यांचे १९७६ चे उदाहरण घ्यावे. लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपल्यावर ती कायद्याने वाढवण्यात आली, तेव्हा तुरुंगात असलेल्या लिमयांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जनतेने पाच वर्षांसाठी निवडून दिले आहे, त्यापुढे एक दिवसही बसण्याचा अधिकार नाही, ही त्यामागची भूमिका. कामकाजाच्या नियमांवर त्यांच्याइतकी पकड असलेला सदस्य विरळाच, आणि त्याच नियमनिष्ठेने त्यांनी स्वतःची जागा सोडली. समाजवादी परंपरेत संसद सर्वोच्च आहे याचा अर्थ संसदेत बसलेली माणसे सर्वोच्च आहेत असा कधीच नव्हता. नाथ पै यांचे विधेयक वाचताना मी हा अर्थ मनात ठेवते.

दिंडोरीकर

एक माहितीची भर. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा सतराव्या दुरुस्तीने नवव्या अनुसूचीत गेला. पुढे त्यात ज्या कडक सुधारणा झाल्या, त्यांच्यावरून वामन राव खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० साली निकाल लागला. २४ एप्रिल १९७३ या तारखेपूर्वी नवव्या अनुसूचीत घातलेल्या कायद्यांना संरक्षण राहील, त्यानंतर घातलेल्यांची मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासणी होऊ शकेल, ही रेषा त्या निकालाने आखली. नंतर २००७ साली नऊ न्यायमूर्तींनी कोएल्हो खटल्यात ती अधिक पक्की केली. म्हणजे देशभराच्या कायद्यांना लागू असलेली ही तारीख ठरली ती आपल्याच राज्यातल्या सीलिंगच्या वादातून.

आमच्या तालुक्यात सीलिंगमध्ये गेलेली जमीन काही भूमिहीनांना मिळाली, काहींना कागदावर मिळाली आणि ताबा कधीच मिळाला नाही. दादासाहेबांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या माझ्या चुलत आजोबांचे नाव वाटपाच्या यादीत होते. त्यांच्या मुलांच्या नावे आजही सातबारा नाही.

गोदाकाठचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. गंगापूररोड ताईंनी दाखवलेली चूक मान्य आहे. मूळ लेखन बदलत नाही, म्हणजे पुढचे प्रतिसाद कशाला उद्देशून आहेत ते कळेल, पण इथे नोंदवतो : नाथ पै यांचे विधेयक १९६७ पूर्वी मिळालेल्या जमिनींच्या रक्षणासाठी नव्हते, पुढच्या सुधारणांचा मार्ग मोकळा ठेवण्यासाठी होते.

जुना फेरफार काकांचा प्रतिसाद वाचून मी काल घरातली जुनी पेटी उघडली. आजोबांचे ३२म चे प्रमाणपत्र सापडले. त्यावरची तारीख १९६९ सालची आहे. म्हणजे निकाल लागला तेव्हा त्यांचे हप्ते खरोखरच चालू होते. त्या वर्षी ते का झोपले नाहीत हे मला आज पन्नास वर्षांनी कळले.

दिंडोरीकर, आपल्या चुलत आजोबांच्या वाटपाच्या आदेशाची प्रत आपल्याकडे असेल तर ती काकांना दाखवावी, अशी दोघांनाही विनंती करतो. मी दरम्यान राज्यसभेचे १९६४ चे खंड काढतो आणि सतराव्या दुरुस्तीच्या वेळी दादासाहेब काय बोलले ते शोधतो. मिळाले की याच धाग्यावर पानाच्या क्रमांकासह उतरवून देईन.

जुना फेरफार

आदेशाचा क्रमांक आणि वर्ष कळवा. ताबा पावती झाली होती की नाही ते आधी पाहावे लागेल. तलाठ्याकडच्या जुन्या फेरफार नोंदींची नक्कल मागायचा अर्ज मी लिहून देतो.